मंगळवारची सही

निपाणीत, अक्कोळ रस्त्याला, औषधाच्या दुकानावर
दोन खोल्यांचं आमचं केंद्र.
जिन्याला एकवीस पायऱ्या.
वारं गेलेल्या माणसांसाठी ही जागा
कुणी पसंत केली, कोण जाणे.

पाटी कन्नडमध्ये, फाइल इंग्रजीत,
दुखणं ज्याचं त्याच्या भाषेत.

मी सहायक. कस्तुरी मेणसे.
माझ्या अक्षराखाली एक रिकामी रेघ असते;
तिच्यावर हुक्केरी मॅडमची सही पडेपर्यंत
मी केलेलं झालेलं नसतं.
मॅडम बेळगावहून येतात, मंगळवारी,
लाल बसनं, पावणेदहाला,
चष्म्याच्या काचेवर हायवेची धूळ.

दाराजवळ नियम टाचलेत:
सहायकाने तपासणी करू नये.
सहायकाने आराखडा बदलू नये.
आणि सगळ्या 'करू नये'च्या तळाशी,
तातडीसाठी,
माझाच मोबाइल नंबर.

बुधवारी यल्लूबाई आली.
चाळीस वर्षं विड्या वळलेला उजवा हात
गेल्या आषाढात अचानक पाहुणा झाला.
आराखड्यात तिला: खुंट्या भोकांत घालणे, वीस वेळा.
वाटाणे वेचणे. चिमटा दाबणे.
तिनं खुंट्या घातल्या आणि चोळीतून काढलं
ओल्या फडक्यात गुंडाळलेलं टेंभुर्णीचं पान.
"ह्ये द्या की वळायला.
खुंट्या मारून कोण पगार देतंय व्हय?"

मला दिसत होतं, बोटं तयार आहेत.
पान त्या बोटांना ओळखत होतं,
खुंटीला ते परकेच होते हात.
मॅडमना फोन लावला. गोकाकच्या शिबिरात होत्या,
लागला नाही.
पुन्हा लावला.
मग मी म्हणाले, "मंगळवारपर्यंत थांबा, मावशी."
हे वाक्य मी इतकं वापरलंय
की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्यात.

तिनं पान परत गुंडाळलं.
एकवीस पायऱ्या उतरताना
एकदाही मागं बघितलं नाही.

मंगळवारी ती मॅडमच्या आधी हजर.
टेबलावर एक विडी ठेवली. वाकडी,
दोरा एका बाजूला ढिला,
पण विडीच.
"रात्री वळली. सून झोपल्यावर."

मी मनात जिंकले होते.
(नोंद: रुग्णाने घरी स्वतःहून केले.
ह्या वाक्यात मी कुठंच नाही, तरी.)

मॅडमनी विडी उचलली नाही.
म्हणाल्या, "मत्तोम्मे माडी, अव्वा.
माझ्यासमोर."
यल्लूबाईनं पान घेतलं, मी बोटांकडं बघत राहिले,
अंगठा, तर्जनी, अंगठा.
मॅडम बघत होत्या वर.
"कस्तुरी, खांदा बघितलास?"

खांदा कानाला भिडत होता.
सगळी विडी ती खांद्यानं वळत होती,
बोटं नुसती बरोबर चाललेली,
वरातीतल्या पोरांसारखी.
आणखी महिनाभर असंच चाललं असतं
तर हात उचलायचीही पंचाईत.

पाच महिने मी त्या हाताजवळ बसलेय.
पाच महिन्यांत मान वर केली नाही.

मॅडमनी आराखडा बदलला:
पान, तंबाखूशिवाय. कोपर उशीवर.
पाच मिनिटं, जास्त नाही.
यल्लूबाई कुरकुरली, "तंबाखूबिगर विडी म्हंजे
मिठाबिगर आमटी,"
आणि उशीवर कोपर टेकवलं.

मग बारा वाजता, बस चुकू नये म्हणून,
मॅडम फाइलींवर सह्या करायला बसल्या.
सतरा फाइली. माझ्या आठवड्याच्या सतरा रेघा.
बोटं पळत होती, पेन पळत होतं.
मी ह्यावेळी वर बघितलं.

उजवा खांदा. हळूहळू
कानाकडं निघालेला.

सहायकाने तपासणी करू नये.
मी काही बोलले नाही.
आवकजावकचं जाड रजिस्टर उचललं
आणि त्यांच्या कोपराखाली सरकवलं.
त्यांनी बघितलंही नाही, कोपर आपसूक टेकलं.

ह्याची नोंद कुठल्या रकान्यात येत नाही.
सहीही लागत नाही.